पांखराचा गुडघा कोठें असतो ?

संक्रांत होऊन गेली, तिळगुळाचे डबे रिकामे झाले आणि मुलांचे पतंग माळ्यावर गेले; परंतु झाडांच्या शेंड्यांना आणि विजेच्या तारांना गुंतलेला मांजा कांहीं इतक्या लवकर आवरला जात नाहीं. तो पुढें कित्येक आठवडे तसाच लोंबत राहतो, आणि तोंवर कोणतें ना कोणतें पांखरूं त्यांत अडकून कोणाच्या तरी अंगणांत, गच्चीवर किंवा सज्जांत येऊन पडतें. घरांतील मुलें तें उचलून आणतात, वडील माणसें भोंवतीं जमतात, आणि मग प्रत्येकजण आपापल्या परीनें वैद्य होतो. अशा वेळीं उपयोगी पडावें म्हणून या महिन्याचें हें प्रकरण लिहीत आहें. मात्र त्याच्या मुळाशीं आमच्याच घरीं घडलेली एक चूक आहे; ती आधीं सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

मी तेव्हां शाळेंत होतों. मे महिन्याच्या सुटींत एके सकाळीं आमच्या मागल्या पडवींत एक पारवा सांपडला. त्याचा डावा पाय लुळा पडून लोंबत होता. आमच्या थोरल्या बंधूंनीं, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतों, त्याच वर्षीं शरीरशास्त्राचें एक पुस्तक वाचलें होतें. त्यामुळें घरांतील हाडामांसाच्या सर्व प्रश्नांवर त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांनीं पाय निरखून पाहिला आणि निदान केलें, "अरे, याचा गुडघा उलटा वळला आहे. सांधा निखळला असला पाहिजे." खरोखरच, पायाच्या मध्यावर जो सांधा दिसत होता त्याचें टोंक माणसाच्या गुडघ्यासारखें पुढें नसून मागें होतें. दुसऱ्या पायाकडे पाहण्याचें आम्हां दोघांपैकीं कोणासही सुचलें नाहीं. दादांनीं पांखरूं धरलें, मीं पाय ओढून सरळ केला, खराट्याचे दोन हीर खपची म्हणून लावले आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनें तो सांधा घट्ट बांधून टाकला. आजीनें हळद आणि तेल आणून दिलें. तेंही वर चोपडलें. चार दिवस आम्ही त्याला ज्वारीचे दाणे घालीत होतों आणि पाय बरा होण्याची वाट पाहात होतों.

पांचव्या दिवशीं त्याचीं बोटें काळीं पडलीं. तेव्हां वडिलांनीं आम्हांला गुरांच्या दवाखान्यांत पाठविलें. तेथील डॉक्टरांनीं चिंधी सोडली, वरचीं पिसें फुंकरीनें बाजूला सारलीं, पोटाजवळ एका जागीं बोट ठेवलें आणि ते म्हणाले, "मोडलें आहे तें येथें. तुम्हीं बांधलेंत तें येथें. हा उलटा गुडघा नव्हे, मुलांनो. हा त्याचा घोटा. तो असाच वळायचा असतो."

पाय काढावा लागला. पारवा कांहीं दिवस एका पायावर जगला, नंतर गेला. दादांनीं त्या पुस्तकाला पुन्हां हात लावला नाहीं. मीं तें पुढें अनेकदां चाळलें. परंतु त्यांत माणसाखेरीज कोणाचेंच हाड नव्हतें.

त्या पारव्यानें शिकविलेली गोष्ट एका वाक्याची आहे : दुखापत कोठें झाली हें ठरविण्यापूर्वीं, आपण पाहतों आहोंत तो अवयव कोणता, हें ठाऊक असलें पाहिजे. आणि ही विद्या वाटते तितकी दुर्लभ नाहीं. इ. स. १५५५ मध्यें पिएर बेलाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानें पक्ष्यांवरील एक ग्रंथ पॅरिस येथें प्रसिद्ध केला. त्यांत दोन सांपळ्यांचीं चित्रें समोरासमोर दिलेलीं आहेत. एका बाजूस माणसाचा उभा सांपळा आणि दुसऱ्या बाजूस त्याच्याच उंचीचा काढलेला पक्ष्याचा. माणसाच्या ज्या हाडाला जें अक्षर, पक्ष्याच्या त्या हाडाला तेंच अक्षर. डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास तेव्हां तीनशें चार वर्षें अवकाश होता. हीं हाडें एकमेकांस कां जुळतात हें बेलाँला सांगतां आलें नसतें. परंतु तीं जुळतात, एवढें त्यानें कागदावर दाखविलें. आपल्या कामापुरतें तेवढें पुरेसें आहे.

सामिष भोजन करणाऱ्या घरांत हा धडा मुलांना ताटांतच मिळतो. कोंबडीची तंगडी हातांत धरणाऱ्या मुलाला मांडी कोणती आणि नडगी कोणती हें न शिकवितां कळतें. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत ती सोय नाहीं. परंतु दुसरें एक साधन प्रत्येकाजवळ आहे, तें म्हणजे स्वतःचे हातपाय. वाचकांनीं हें वाचतां वाचतां तें वापरून पाहावें, अशी विनंती आहे.

प्रथम पंख घेऊं. पंख म्हणजे हातच होय. खांद्यापासून कोपरापर्यंत आपल्या दंडांत जसें एक हाड असतें तसेंच पंखांतही असतें. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडें असतात, पक्ष्यालाही दोनच. मात्र करंगळीच्या बाजूचें हाड त्याच्यांत अधिक जाड असतें. याला कारण आहे. पंखाच्या मधल्या भागांतील मोठीं पिसें याच हाडाला येऊन बिलगलेलीं असतात, आणि पुष्कळ जातींत त्या पिसांच्या मुळांशीं हाडावर टेंगळांची एक ओळच दिसते. मनगटाच्या पुढें मात्र फरक पडतो. आपल्या तळहाताचीं अनेक सुटीं हाडें पक्ष्याच्या ठिकाणीं एकमेकांत मिसळून त्यांचें एक लांबट हाड झालेलें असतें, आणि बोटें तीनच उरलेलीं असतात. उडण्याचीं अगदीं टोंकाचीं लांब पिसें या हाताच्या भागाला लागलेलीं असतात. बहुतेक पक्ष्यांत तीं एकेका पंखाला नऊपासून अकरापर्यंत असतात, पारव्याला दहा. अंगठा लहानसा सुटा राहिलेला असून त्यावर दोनचार पिसांचा एक छोटा झुबका असतो. पक्षी उतरतांना वेग कमी होतो, त्या वेळीं तो हा अंगठा उचलतो आणि त्यामुळें पंखावरून वाहणारी हवा विस्कटत नाहीं.

आतां पंख मिटतो कसा तें पाहूं. आपला उजवा दंड बरगड्यांशीं चिकटवून कोपर मागें न्यावें. मग कोपरांत हात पूर्ण दुमडून मनगट खांद्यापाशीं आणावें. आणि शेवटीं पंजा मनगटांतून पुन्हां मागच्या बाजूस वळवावा. हें शेवटचें आपल्याला साधत नाहीं, कारण आपलें मनगट त्या दिशेला तितकें वळत नाहीं, पक्ष्याचें वळतें. म्हणजे मिटलेला पंख ही तीन घड्यांची वस्तु आहे : दंड मागें, अग्रबाहु पुढें, पंजा पुन्हां मागें. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. बसलेल्या पक्ष्याच्या छातीजवळ पंखाचें जें पुढें आलेलें गोल टोंक दिसतें त्याला आपण सहज खांदा म्हणतों. तें असतें मनगट. खरा खांदा त्याच्याजवळच, परंतु आंत पिसांखालीं झांकलेला असतो. आणि कोपर तर मागें, कुशीच्या पिसांत लपलेलें असतें.

खांदा आणि मनगट यांच्यामध्यें, पंखाच्या पुढल्या कडेला, कातडीचा एक ताणलेला पडदा असतो. आपण हात कोपरांत वांकवून धरला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत उपरण्याचें टोंक ताणून बांधलें तर जसें दिसेल तसा. या पडद्याच्या कडेंतून एक लवचिक दोरीसारखा स्नायुबंध गेलेला असतो. पंख हवा कापीत पुढें जातो तो याच कडेनें, आणि म्हणूनच मांजाही पुष्कळदां येथेंच कापतो. हा बंध तुटला तर एकही हाड मोडलेलें नसतां उडणें संपूं शकतें.

आतां पाय. उभें राहून आपली टाच उचलावी आणि चवड्यांवर तोल धरावा; मग गुडघे पुढें काढून खालीं बसूं लागावें. ही जी अवघडलेली स्थिति, तीच पक्ष्याची नित्याची उभें राहण्याची स्थिति होय. त्याची मांडी आंखूड असते आणि ती शरीरालगत पुढच्या बाजूस झुकलेली असते. गुडघा पोटाच्या पिसांत दडलेला असतो आणि आपल्या गुडघ्याप्रमाणेंच पुढें वळतो. त्याखालीं येते नडगी. तिच्याजवळचें बारीक हाड घोट्यापर्यंत न पोंचतां मध्येंच निमुळतें होऊन संपतें. नडगीच्या खालीं जो सांधा उघडा दिसतो, ज्याला दादांनीं उलटा गुडघा म्हटलें, तो घोटा. आणि घोट्याखालचा तो खवल्यांचा बारीक दांडा, ज्याला आपण पक्ष्याचा पाय म्हणतों, तो पाय नसून तळपाय आहे. त्यांतील हाडें जुळून एक झालेलीं आहेत. ओढ्याच्या कांठीं तासन् तास उभा असलेला बगळा गुडघा उलटा वांकवून उभा नसतो. तो चवड्यांवर उभा असतो, जन्मभर.

बोटांचा हिशेब तर मुलांना फार आवडतो. बहुतेक पक्ष्यांना चार बोटें असतात. मागील बोटाला पहिलें म्हणावें. त्यांत दोन पेरें असतात. पुढील बोटांपैकीं आंतल्या बाजूचें दुसरें, त्यांत तीन. मधलें तिसरें, त्यांत चार. बाहेरचें चौथें, त्यांत पांच. बोटाच्या क्रमांकांत एक मिळवावा कीं पेरांची संख्या येते. पोपटाचीं दोन बोटें पुढें आणि दोन मागें असतात, कारण त्याचें चौथें बोट मागें वळलेलें असतें. पेरांचा हिशेब मात्र तोच राहतो.

येथवर साम्य झालें. आतां जेथें साम्य संपतें तेंही सांगितलें पाहिजे, कारण घरगुती उपाय बहुधा तेथेंच घात करतात. पक्ष्यांचीं हाडें पोकळ असल्यामुळें तीं हलकीं आणि कच्चीं असतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. हाडांची भिंत पातळ असते, परंतु तिचें द्रव्य घट्ट आणि ताठ असतें. म्हणून तें हाड ओल्या फांदीसारखें वांकत नाहीं, तर कांचेच्या नळीसारखें तडकून त्याचे टोंकदार तुकडे होतात. कोपराच्या पुढें आणि घोट्याच्या आसपास त्यावर मांसाचें आवरणही फारसें नसतें. त्यामुळें उगीच चाचपून पाहिलें तरी टोंक कातडींतून बाहेर येतें, आणि जें साधें मोडणें होतें तें उघडी जखम होऊन बसतें.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. पुष्कळ पक्ष्यांत दंडाचें हाड केवळ पोकळ नसतें. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांपैकीं एक त्या पोकळींत शिरलेली असते. लंडनचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यानें १७७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें दाखविलें होतें. श्वासनलिका बांधून टाकली असतांही दंडाच्या कापलेल्या हाडांतून हवेची ये-जा चालू राहते, असें त्यानें नोंदविलें. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, पंखाच्या वरच्या भागांत उघडी जखम असेल तर तीवर पाणी किंवा औषध ओतूं नये. तें थेट श्वासाच्या मार्गांत उतरूं शकतें.

तिसरी गोष्ट वेळेची. माणसाचें मोडलेलें हाड जुळावयास महिना-दोन महिने लागतात. लहान पक्ष्याचें हाड सुमारें तीन आठवड्यांत पक्कें धरतें. ही दैवी कृपा वाटते, परंतु तीच अडचणीची आहे. वांकडें राहिलें तर तेंही तितक्याच लवकर वांकडें धरतें. "बघूं, आठवडाभर वाट पाहूं" असें म्हणण्यास तेथें जागा नाहीं. उलट, पंख फार दिवस बांधून ठेवला तर वर सांगितलेला पुढल्या कडेचा पडदा आंखडतो, आणि हाड जुळूनही पंख उघडत नाहीं. किती दिवस बांधावयाचें आणि केव्हां सोडावयाचें हें जाणत्यानेंच ठरवावयाचें असतें.

मग घरच्या माणसानें करावें काय? हात लावण्यापूर्वीं पाहावें. चार पावलें दूर, शांतपणें, दोनचार मिनिटें. निरोगी बाजू हाच नकाशा आहे. दुखावलेला अवयव पाहण्याआधीं दुसरा पाहावा. दोन्ही मनगटें एकाच उंचीवर आहेत काय? दोन्ही पंखांचीं टोंकें शेंपटीशीं सारखीं टेंकतात काय? सगळाच पंख, कोपरासह, अंगापासून सुटून जमिनीवर लोळत असेल तर दंडाच्या हाडाची शंका घ्यावी. छातीचे बळकट स्नायु त्या हाडाला ओढीत असतात, म्हणून तुकडे जागेवर राहात नाहींत. कोपर अंगालगत आहे परंतु मनगट खालीं आलें आहे, असें असेल तर दुखापत बहुधा अग्रबाहूंत असते. मनगट जागेवर असून केवळ टोंकाचीं पिसें ओघळलीं असतील तर ती पंजाच्या हाडांत असण्याचा संभव अधिक. आणि पंख जवळजवळ नीट मिटलेला आहे, परंतु पक्षी तो वर उचलूंच शकत नाहीं, असें दिसलें, विशेषतः खिडकीच्या कांचेवर आपटलेल्या पक्ष्याच्या बाबतींत, तर खांद्याला छातीच्या हाडाशीं जोडणारें आंतलें हाड मोडलेलें असूं शकतें. तें बाहेरून मुळींच दिसत नाहीं.

पायांचेंही तसेंच. घोट्याखालीं मोडलेलें असेल तर तें खवल्यांवर उघड दिसतें. नडगी मोडली असेल तर घोटा आणि त्याखालचा सर्व भाग लोंबतो, आणि पाहणाऱ्याची नजर हटकून त्या लोंबणाऱ्या घोट्यावर जाते. आमची गेली तशी. मांडी मोडली असेल तर बाहेर कांहींच दिसत नाहीं, फक्त पक्षी तो पाय टेंकीत नाहीं. दोन्ही पाय एकदम लुळे असतील तर पायांपेक्षां पाठीच्या कण्याचा विचार आधीं करावा. शिवाय प्रत्येक लुळेपणा म्हणजे मोडलेलें हाड नव्हे. पारव्यांना होणाऱ्या एका विषाणूच्या रोगांत पंख व पाय लुळे पडतात आणि मान पिळवटते. तेथें खपची बांधून काय होणार? निदान पक्कें करणें हें आपलें काम नाहींच; तें क्ष-किरणांच्या छायाचित्राचें काम आहे. आपण कोठें पाहावें एवढें कळलें म्हणजे कोठें हात लावूं नये हें कळतें, आणि डॉक्टरांना दोन उपयोगी वाक्यें सांगतां येतात.

यंदाच्या संक्रांतीस याची परीक्षा आमच्या गच्चीवर झाली. संध्याकाळीं एक घार मांजासकट पाण्याच्या टांकीमागें येऊन पडली. मुलांनीं हांका मारल्या. मी वर गेलों, आणि मागून गुडघे धरीत धरीत दादाही आले. आतां ते आजोबा झाले आहेत. मुलें पुढें धांवणार तोंच त्यांनीं हात आडवा धरला आणि आपल्या नातीला म्हणाले, "हात लावायचा नाहीं. आधीं दुसरा पंख बघ आणि मला सांग." ती नऊ वर्षांची मुलगी टांकीच्या आडून बराच वेळ पाहात राहिली. मग म्हणाली, "आजोबा, उजवें मनगट डाव्यापेक्षां खालीं आहे." दादांनीं विचारलें, "आणि कोपर?" ती म्हणाली, "कोपर पिसांत आहे, दिसत नाहीं. पण अंगाशीं आहे. पंख मध्येंच खालीं वळला आहे." दादा माझ्याकडे वळून एवढेंच म्हणाले, "अग्रबाहु." त्या शब्दामागें किती वर्षें होतीं तें त्या मुलीला ठाऊक नव्हतें.

त्यानंतर आम्हीं जें केलें तें वाचकांच्या उपयोगाचें म्हणून क्रमानें सांगतों. एक जाड पंचा मागच्या बाजूनें हळूच तिच्या सर्वांगावर टाकला. डोळे झांकले गेले कीं पक्षी पुष्कळ शांत होतो. मात्र ही शांतता माणसाळल्याची नव्हे, भीतीनें थिजल्याची असते, हें विसरूं नये. घारीचें खरें शस्त्र चोंचीपेक्षां पंजांत असतें, म्हणून जाड कापडांतून आधीं पाय धरले. पंख नैसर्गिक घडींत अंगाशीं राहूं दिले, ओढले नाहींत. छाती आवळली नाहीं. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचें हाड वरखालीं होऊनच त्याचा श्वास चालतो, आणि तें दाबून धरलें तर तो मुठींतल्या मुठींत गुदमरतो. जखमेंत रुतलेला मांजा ओढून काढला नाहीं. दोन्ही बाजूंनीं कात्रीनें कापून मधला तुकडा तसाच ठेवला. रक्त येत होतें तेथें स्वच्छ फडक्यानें हलका दाब दिला. खालून वहिनी हळद आणि तेल घेऊन येत होत्या. त्यांना दादांनींच थांबविलें. तेलानें पिसें चिकटतात आणि मग पक्ष्याच्या अंगांत ऊब राहात नाहीं. पाणी किंवा दूध चोंचींत घातलें नाहीं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें, आणि घातलेला थेंब तेथें उतरतो. माणसांचीं वेदनाशामक औषधें तर कधींच देऊं नयेत. भोंकें पाडलेल्या खोक्यांत जाड कापड अंथरून तिला ठेवलें, वर झांकण घातलें, खोकें अंधाऱ्या, शांत खोलींत नेलें, सर्वांनीं साबणानें हात धुतले, आणि अर्ध्या तासाच्या आंत पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे निघालों. घारीसारखा वन्य पक्षी घरीं ठेवून घेणें वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें गुन्हा आहे. तेव्हां ममतेपोटींही तसें करूं नये. तो उपचार करणाऱ्यांच्या किंवा वनखात्याच्या स्वाधीन करावा.

छायाचित्रांत दिसलें तें असें : अग्रबाहूच्या दोन हाडांपैकीं जाड हाड मोडलेलें, बारीक हाड शाबूत. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहे. शेजारचें हाड हीच तिची खपची." पुढल्या कडेचा पडदा कापला गेला होता, परंतु त्यांतील बंध वांचला होता. थोडे दिवस पंख बांधून, नंतर पिंजऱ्यांत विसांवा देऊन, मग हळूहळू व्यायाम करवून सुमारें सहा आठवड्यांनीं तिला सोडण्यांत आलें. सोडावयाच्या वेळीं दादा जाऊं शकले नाहींत. नात गेली होती. तिनें घरीं येऊन त्यांना सांगितलें, "दोन्ही मनगटें सारखीं होतीं."

आतां शेवटीं दोन शब्द, दुखापत होऊंच नये म्हणून. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ मध्यें देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो, कारण आपणच तो विकत घेतों. दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघराइतकी जवळची आहे. शहरांतील पारव्यांच्या पायांना बोटें कमी असलेलीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. पॅरिसमधील अशा पारव्यांचा अभ्यास २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत केस कापणाऱ्यांचीं दुकानें दाट, तेथें बोटें गमावलेले पारवे अधिक, असें त्यांत आढळलें. केस किंवा दोरा बोटाला गुंडाळला जातो, आवळत जातो, रक्त थांबतें आणि बोट गळून पडतें. आमची आजी विंचरलेल्या केसांचें गुंतवळ अंगणांत किंवा खिडकीबाहेर टाकूं देत नसे. तिचीं कारणें निराळीं होतीं. परंतु नियम चांगला होता. तो चालू ठेवावा, आणि शिवणांतील दोऱ्यांचे तुकडेही त्यांत धरावे.

या महिन्यांत प्रत्येक घरानें आपल्या गच्चीवरचा आणि अंगणांतील झाडांवरचा, हाताला येईल तेवढा मांजा उतरवून, बारीक तुकडे करून केरांत टाकावा, एवढी विनंती करून हें प्रकरण पुरें करतों. आमच्या घरीं तें काम कोणी कोणाला सांगावें लागत नाहीं. लांब काठीला आंकडा बांधून दादा रोज सकाळीं स्वतःच वर जातात.